मामाचा जुना ड्रमसेट आणि पाच जुन्या सिंबल: मांडायच्या कशा?

सुरंगी – ८ जून, २१:४०

नमस्कार. गेल्या महिन्यात मामाची गिरगावातली खोली रिकामी केली. पोटमाळ्यावर गोधड्यांत गुंडाळलेला त्याचा ड्रमसेट निघाला. सत्तरच्या दशकात मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपतीचे दहा दिवस तो घरी दिसायचाच नाही, असं आई सांगते. पुढे नोकरी, संसार, आणि सेट माळ्यावर गेला तो गेलाच. मामा दोन वर्षांपूर्वी वारला. माझा लेक पंधरा वर्षांचा आहे, ड्रम शिकतो. त्यामुळे सेट आता ठाण्याला आमच्याकडे आलाय.

सेट प्रीमियरचा आहे, इंग्लंडचा. २० इंची बेस ड्रम, १२ चा टॉम (बेस ड्रमवर बसणारा छोटा ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम, १४ चा स्नेअर. एका कापडी पिशवीत सिंबल, म्हणजे सेटच्या मोठ्या झांजा, होत्या. २० ची एक, जवळजवळ काळी पडलेली, तिच्यावर झिल्जनचा पुसट छाप आहे. १८ ची एक, तिचं मधलं भोक गोल राहिलेलं नाही, एका बाजूला ओघळल्यासारखं लांबलंय. १६ ची एक, कडेला साधारण बोटाच्या पेराएवढी चीर. आणि १४ ची हाय-हॅटची जोडी (पायाने उघडमीट करायची), तिच्यावर सुपर झिन लिहिलंय. स्टँड तीन आहेत, पाय जमिनीला सपाट टेकणारे, हलके. सिंबलखालच्या मऊ चकत्या, म्हणजे फेल्ट, सगळी कसरीने खाल्लेली.

आता प्रश्न. या सिंबल घासून लख्ख कराव्यात का? चीर गेलेली वाजवावी का? आणि त्या हलक्या स्टँडवर हे सगळं मांडायचं कसं?

अजून एक गोष्ट मनाला लागली आहे. बेस ड्रमवर टॉमचं ब्रॅकेट आहे, त्याच्या बाजूला चार जुनी भोकं बोल्ट घालून बुजवलेली आहेत. कुणीतरी ब्रॅकेट मूळ जागेवरून काढून दुसरीकडे लावलंय. एका दुकानदाराने ते बघून सांगितलं, "वाट लावली सेटची, आता याला किंमत नाही." विकायचा नाहीच आहे, तरी वाईट वाटलं.

मध्यलय – ८ जून, २२:०५

सुरंगीताई, आधी एक विनंती. काहीही घासू नका. आज नाही, उद्या नाही, या धाग्यावर बोलणं पुरं होईपर्यंत नाही.

प्रत्येक सिंबल भोकातून सुतळी ओवून हवेत धरा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कडेजवळ हलकेच वाजवा. आवाज किती वेळ टिकतो ते ऐका. चीर असेल तर खर्रर्र असा कंप ऐकू येतो. नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. २० इंचीचं वजन १७००-१८०० ग्रॅमच्या आसपास भरलं तर ती पातळ, सैल आवाजाची असणार. अडीच किलोच्या पुढे गेली तर जड, टणटणीत. मांडणी बरीचशी यावर ठरते.

लोहारगल्ली – ८ जून, २२:३१

मध्यलय, एवढं पण घाबरवू नका हो त्यांना. आमच्या घरी देवाची भांडी चिंच-मिठाने पिढ्यान्‌पिढ्या घासली जातात, समया अजून ठणठणीत आहेत. धातूच तो. मी माझी जुनी १६ ची चिंचेच्या कोळाने घासली, सोन्यासारखी निघाली.

मध्यलय – ८ जून, २२:४८

समई वाजवायची नसते. :-)

सिंबलच्या अंगावर ज्या बारीक गोल रेषा असतात, त्या लेथवर काढलेल्या असतात. त्या खाचांत बसलेलं काळपट पुट आवाजाचं वरचं टोक थोडं मऊ करतं. काहींना तो फरक ऐकू येतो, काहींना नाही, त्यावर वाद घालणार नाही. पण छाप मात्र नक्की जातो. शाईचा असेल तर एकदा घासल्यावरच जातो, ठोकलेला असेल तरी दर घासण्याला पुसट होतो. आणि सिंबल कुठली, कधीची, हे ओळखायचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा. पॉलिशच्या फिरत्या चाकावर तर कधीच देऊ नका. तिथे धातू इतका तापतो की त्याचा ताणच बिघडतो.

हिरवं जंगाल दिसत असेल तर ते तेवढं काढा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, रेषांच्या दिशेने गोल गोल. लगेच कोरडं करा. बस.

आवर्तन – ९ जून, ०७:१५

ताई, छाप नीट वाचून इथे लिहाल? वर तुर्की-अरबी वळणाची अक्षरं, चंद्रकोर आणि तारा, खाली अव्हेडिस झिल्जन आणि मेड इन यूएसए असेल तर ती अमेरिकेत क्विन्सीला किंवा नंतर नॉरवेलला बनलेली. छापात के. झिल्जन आणि इस्तंबूल असेल तर मात्र पिशवी आधी कपाटात ठेवा आणि मग बोलू. ती शाखा तुर्कस्तानातच राहिली होती आणि तिथल्या हाताने ठोकलेल्या सिंबल जाझवाले जिवापाड जपतात.

या घराण्याची गोष्ट मला फार आवडते. १६२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये अव्हेडिस नावाच्या आर्मेनियन माणसाने कारखाना काढला. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या सात वर्षं आधी. सुलतानाच्या लष्करी वाद्यमेळ्यासाठी तो झांजा बनवायचा. तुर्कीत झिल म्हणजे झांज, झिल्जी म्हणजे झांज बनवणारा, आणि शेवटचं यान म्हणजे आर्मेनियन पद्धतीने 'चा मुलगा'. व्यवसायावरूनच आडनाव. घराण्यातल्या दुसऱ्या एका अव्हेडिसने १९२९ मध्ये अमेरिकेत कारखाना सुरू केला, आणि पुढे भावाभावांत फाटल्यावर एकाने १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली.

रानमोगरा – ९ जून, ०७:५०

म्हणजे आपल्याकडे असते तर झांजकर! पानसुपारीला आमच्या कासारांच्या घरी आले असते.

लोहारगल्ली – ९ जून, ०९:२०

आलेच असते, कारण धातू एकच आहे. आमचं घराणं भांड्यांचंच, म्हणून हे खात्रीने लिहितो. झिल्जनची मिश्रधातू म्हणजे साधारण ८० भाग तांबं, २० भाग कथील. आपलं चांगलं कांसं ७८ ला २२. फरक दोन भागांचा. आणि वागणूकही तीच. इतकं कथील असलेलं कांसं लाल तापवून सावकाश गार केलं तर काचेसारखं ठिसूळ होतं, आपटलं की तुकडे. तेच तापलेलं पाण्यात बुडवलं की त्याला लवचीकपणा येतो, मग ठोकता येतं. पोलादाच्या बरोबर उलट. ही गोष्ट ज्याला माहीत नाही त्याने सिंबल विस्तवाजवळ नेऊ नये.

चिंचेचं माझं म्हणणं मागे घेतो. छापाचा विचार मी केला नव्हता. माझ्या १६ च्या सिंबलवर काय लिहिलं होतं ते आता मलाही सांगता येत नाही, आणि त्याचं वाईट वाटतंय.

मडगावचो – ९ जून, १३:०२

प्रीमियर आणि झिन हे जुन्या गोवेकर ड्रमरांच्या घरी हमखास दिसायचं. माझे वडील लग्नांत, फेस्तांत वाजवायचे. झिन या प्रीमियरच्याच सिंबल. सुपर झिन वरच्या दर्जाची, नुसती झिन तिच्या खालची. ताईंकडची हाय-हॅट सुपर झिन आहे म्हणजे मामांनी पैसे जोडून घेतली असणार. तेव्हा परदेशी वाद्य मिळवणं म्हणजे जहाजावरच्या कुणाला तरी सांगून ठेवायचं, नाहीतर धोबीतलावला कुणी वादक सामान विकतोय का याची वाट बघायची.

मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत तालवाद्यांचं मोठं घराणं म्हणजे लॉर्ड मंडळी, वडील कावस आणि मुलगे केरसी, बुजी. आमच्या वडिलांच्या तोंडी ही नावं देवघरातल्यासारखी असायची.

सुरंगी – ९ जून, २२:१०

सगळ्यांचे खूप आभार. घासायचं नाही, ठरलं.

भिंग लावून छाप वाचला. चंद्रकोर, तारा, अव्हेडिस झिल्जन, मेड इन यूएसए. वजनं: २० ची १९४०, १८ ची १४१०, १६ ची १०६०, हाय-हॅट ७८० आणि ८६०. सुतळीला टांगून वाजवलं. २० ची सिंबल वाजली तेव्हा आई आतल्या खोलीतून उठून आली. काही बोलली नाही, दाराशी उभी राहून आवाज विरेपर्यंत ऐकत होती.

१६ ची खरखरते.

पेटीपांडू – ९ जून, २२:३५

१६ ची वेल्डिंगवाल्याकडे द्या, पितळी रॉडने भरून देईल.

तिरकीट_सांगली – ९ जून, २२:५२

नको! कळकळीने सांगतो, नको. मी दिली होती एकदा. भरून दिली, दिसायला छान. पण वाजवली तर पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखी, आणि महिन्याभरात भरलेल्या जागेच्या शेजारून नवी चीर. वर लोहारगल्लींनी लिहिलंय तेच झालं, उष्णतेने आजूबाजूचा धातू ठिसूळ झाला. बिचाऱ्या वेल्डिंगवाल्याचा दोष नाही, मीच चुकीचं काम दिलं.

चिरेला दोन उपाय आहेत. चीर जिथे संपते त्याच्या किंचित पुढे तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे ताण त्या गोल कडेवर वाटला जातो आणि चीर पुढे सरकत नाही. निदान सावकाश सरकते. दुसरा उपाय, कडेला असलेली छोटी चीर कानशीने अर्धचंद्रासारखी घासून काढूनच टाकायची. कोपरा राहता कामा नये, बशीची कड टवकली तर जसा खोलगट आकार दिसतो तसा, पण गुळगुळीत. पेराएवढ्या चिरेला मी दुसरा उपाय करेन. हाताच्या कानशीने, मधून मधून पाणी लावत, धातू हाताला गरम लागला की थांबायचं. मग शेवटी बारीक पॉलिश पेपर.

मध्यलय – ९ जून, २३:०४

+१. फक्त एक, चीर डोळ्यांना दिसते त्याहून पुढे गेलेली असते. कड हलकेच वाकवून भिंगातून बघा, शेवट कळेल. तिथपर्यंत घासा.

काळी_पाच – १० जून, १०:३०

माझं मत वेगळं आहे. १६ ची वाजवूच नये. घासून तिचा आकार बदलणार, आवाज बदलणार. मामांची आठवण म्हणून भिंतीवर लावावी. लेकाला आजच्या काळातली एक नवी १६ ची घेऊन द्यावी.

तिरकीट_सांगली – १० जून, ११:१२

काळी_पाच, तुमचं म्हणणं समजतं, पण पटत नाही. ती चीर मामांच्या वाजवण्याने गेलीय. कितीतरी मांडवांत ती वाजली असेल. तिला भिंतीवर ठोकून गप्प करण्यापेक्षा थोडी कड घासून ती पुन्हा वाजू दे की.

माऊली_पुणे – १० जून, १४:४५

मी ड्रम वाजवत नाही, भजनात टाळ वाजवतो, तरी लिहितो. टाळाची दोरी आम्ही आतून गाठ मारून अशी ओवतो की टाळ दोरीवर मोकळा डुलला पाहिजे. दोरी आखूड झाली किंवा बोट धातूला टेकलं की टाळ 'बसतो'. नवीन मुलं टाळ घट्ट धरतात आणि मग वाजत नाही म्हणून जोर लावतात. वारीत वीस दिवस चालायचं असतं, जोर लावून भागत नाही. सिंबल स्टँडवर लावताना हेच असेल ना?

मध्यलय – १० जून, १५:२०

माऊली, अगदी हेच! सगळ्या मांडणीचा गाभा तुम्ही सांगितलात.

ताई, स्टँडचं टोक म्हणजे उभा आटे पाडलेला दांडा असतो. त्याच्यावर खालून वर अशा क्रमाने: धातूची चकती, जाड फेल्ट, दांड्यावर प्लास्टिकची नळी, सिंबल, पातळ फेल्ट, विंग नट (हाताने फिरवायचा पाकळ्यांचा नट). यातली नळी सगळ्यात महत्त्वाची. ती नसली की सिंबल थेट आट्यांवर घासते आणि भोक ओघळतं. तुमच्या १८ च्या सिंबलचं तेच झालंय. नळी मिळाली नाही तर दुचाकीच्या गॅरेजात पेट्रोलचा पाइप मिळतो, त्याचा इंचभर तुकडा कापून बसवा. दांडा सोबत नेऊन माप बघा. फेल्ट म्हणजे नमदाच, जाड नमद्याच्या चकत्या कापून घेतल्या तरी चालतात.

विंग नट आवळायचा नाही. सिंबल हाताने हलवली तर झोक्यासारखी डुलली पाहिजे आणि गोल फिरलीही पाहिजे. घट्ट बसलेल्या सिंबलला काठी लागली की सगळा धक्का तिच्या कडेत जातो, आणि चिरा जातात त्या अशाच.

जुन्या स्टँडचे आटे आजच्या नटांना जुळतील असं धरून चालू नका. नवे स्टँड बहुतेक ८ मिलिमीटरचे असतात. मूळ नट हरवला असेल तर स्टँडच हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा. नवा नट जबरदस्तीने फिरवलात तर दांड्याचे आटे कायमचे जातील.

सुरंगी – १० जून, २१:३३

१८ च्या ओघळलेल्या भोकाचं काय करायचं?

आवर्तन – १० जून, २१:५०

नळी बसवलीत की आणखी ओघळणार नाही. त्या लांबलेल्या भागाच्या टोकापासून चिरा निघाल्या आहेत का ते भिंगाने बघा. नसतील तर निर्धास्त वाजवा. टोकदार कोपरा असेल तर गोल कानशीने तेवढाच मऊ करा.

टोरांटोवासी – ११ जून, ०४:१८

इकडे जुने ड्रमसेट दुरुस्त करणं हा माझा शनिवार-रविवारचा छंद आहे, त्यामुळे थोडं स्टँडबद्दल लिहितो.

सपाट पायांचे जुने स्टँड हलके असतात कारण ते ज्या सिंबलसाठी बनले त्या पातळ होत्या. तुमच्या वजनांवरून तुमच्याही पातळच आहेत, त्यामुळे जोडी जमेल. तिघांपैकी सगळ्यात दणकट स्टँड २० ला द्या. स्टँडचा एक पाय सिंबल ज्या बाजूला कलते त्या बाजूला यायला हवा, दोन पायांच्या मधल्या फटीकडे कललेली सिंबल घेऊन स्टँड आडवा होतो. स्टँडच्या नळ्या पूर्ण वर खेचू नका. जुन्या काळी सिंबल खालीच असायच्या. राईड (जिच्यावर सतत ठेका धरतात ती, तुमची २० ची) वादकाकडे किंचित कललेली, कोपर अंगाजवळ राहील इतकी खाली. क्रॅश (मधूनच जोरात वाजवायची ती) जरा वर, पण तीही कललेली. आडवी सपाट आणि उंच लावली की काठी कडेवर सरळ कुऱ्हाडीसारखी बसते.

हाय-हॅटमध्ये जड ती खाली, म्हणजे ८६० ची खाली, ७८० ची वर. खालच्या सिंबलखाली एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून तिला केसभर तिरकी करा. दोन्ही अगदी समांतर राहिल्या तर मिटताना मध्ये हवा कोंडते आणि 'चिक्'ऐवजी 'फप्' येतो. पाय सोडल्यावर दोघींत साधारण इंचभर अंतर ठेवून सुरुवात करा. वरची पकडणारा क्लच हरवला असेल तर नवा घेताना दांडा सोबत न्या, जाडी बदलते.

चामडी बदलणार असाल तर आणखी एक. प्रीमियरच्या साठच्या दशकातल्या बऱ्याच ड्रमांचे शेल (गोल अंग) आजच्या मापापेक्षा किंचित मोठे आहेत. आजचं १२ चं चामडं त्यावर बसतच नाही किंवा अडकून बसतं. एक विकत घेऊन बघा, मग बाकीची.

मडगावचो – ११ जून, ०९:४०

चामड्यावरून आठवलं. प्लास्टिकची चामडी १९५७ च्या सुमारास बाजारात आली, त्याआधी खरं वासराचं कातडं. पावसाळ्यात ते इतकं सैल पडायचं की वडील स्टोव्हसमोर ड्रम धरून बसायचे. त्याच्याही आधीच्या काळात बेस ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावायचे, ऊब राहावी म्हणून. आई म्हणायची, घरात ओले कपडे आणि ड्रम एकाच विस्तवावर वाळतात.

रानमोगरा – ११ जून, १०:०५

पाणी आणि सिंबल म्हटलं की मला त्रिलोक गुर्टू आठवतात. शोभाताई गुर्टूंचे चिरंजीव. ते गुडघ्यावर बसून वाजवतात, आणि वाजती सिंबल पाण्याच्या बादलीत बुडवतात. सूर खाली घसरत जातो. प्रत्यक्ष ऐकलंय, अंगावर काटा आला होता.

सुरंगी – १५ जून, २३:१०

आज पहिल्यांदा सगळं मांडलं. नमद्याच्या चकत्या कापल्या, पेट्रोलच्या पाइपच्या नळ्या घातल्या. पण काहीतरी चुकतंय.

लेक बसला तर टॉम त्याच्या उजव्या हाताकडे येतो, अगदी जिथे राईड यायला हवी तिथे. डावीकडे रिकामी जागा. बेस ड्रमला सिंबलचा वाकडा दांडा खोचायची एक जागा आहे, तीही डावीकडे. राईड तिथे लावली तर लेकाला हात आडवा टाकून वाजवावं लागतं. त्याचे सर म्हणाले, डावीकडचा दुसरा टॉम हरवला असेल.

टोरांटोवासी – १६ जून, ०३:५०

दुसरा टॉम असता तर त्याच्यासाठी दुसरं ब्रॅकेट असतं. तुमच्याकडे एकच ब्रॅकेट आणि बुजवलेली जुनी भोकं आहेत. ती भोकं सध्याच्या ब्रॅकेटच्या कोणत्या बाजूला आहेत? वादकाच्या जागेवर बसून सांगा.

सुरंगी – १६ जून, ०८:१५

डावीकडे.

टोरांटोवासी – १६ जून, ०८:२२

ताई, मामा डावखुरे होते का?

एक टॉम असलेल्या सेटवर ब्रॅकेट सहसा वादकाच्या डावीकडे सरकवलेलं असतं, म्हणजे उजवीकडे राईडला जागा राहते. तुमच्या सेटवर ते डावीकडून काढून उजवीकडे नेलंय. हे काम कुणी उगाच करत नाही.

सुरंगी – १६ जून, २१:५५

आईला विचारलं. आधी म्हणाली, छे, जेवायचा-लिहायचा उजव्यानेच. मग थांबून म्हणाली, "पण कॅरम डाव्याने खेळायचा. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आजी हातावर फटका मारायची."

माझ्याकडे मामाचा ड्रमवर बसलेला एकच फोटो आहे, कुठल्याशा मांडवातला. त्यात हाय-हॅट त्याच्या उजवीकडे दिसते. आम्ही आजवर समजत होतो की स्टुडिओवाल्याने फोटो उलटा छापलाय. आज पुन्हा नीट बघितला. मामाच्या बुशशर्टाचा खिसा डाव्या छातीवर आहे. फोटो सुलटाच आहे.

तिरकीट_सांगली – १६ जून, २२:०३

काय शोध लावलात ताई! खिशावरून! वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

मध्यलय – १६ जून, २२:२०

म्हणजे ती चार भोकं मामांनीच बुजवली. दुकानदाराने काय सांगितलं ते विसरा. ब्रॅकेट आहे तिथेच राहू द्या, मूळ जागी परत नेऊ नका.

काळी_पाच – १६ जून, २२:४१

१६ ची भिंतीवर लावा म्हणालो होतो, ते परत घेतो. वाजू द्या.

माऊली_पुणे – १७ जून, ०६:१०

ज्या हातावर फटके बसले त्याच हाताने त्यांनी सगळे गणपती वाजवले. राम कृष्ण हरी.

काळी_पाच – १७ जून, ०९:३०

पण आता लेकाचं काय? तो उजवा आहे ना? प्रश्न मूळ मांडणीचा होता.

टोरांटोवासी – १७ जून, १८:४५

शेलला नवं भोक न पाडता करता येईल. टॉम ब्रॅकेटवरून काढून स्नेअरच्या स्टँडसारख्या वेगळ्या स्टँडवर डावीकडे ठेवा. १२ चा टॉम त्यात नीट बसतो. २० ची राईड मोकळ्या स्टँडवर उजवीकडे. बेस ड्रमच्या दांड्यावर, म्हणजे डावीकडे, १६ ची क्रॅश. तो दांडा नाजूक असतो, १०६० ग्रॅम त्याला सोसवेल. १८ ची राईडच्या पलीकडे. हाय-हॅट नेहमीसारखी डावीकडे.

सुरंगी – २२ जून, २२:३०

रविवारी दोन्ही करून बघितलं. सकाळी मामाच्या पद्धतीने, सगळं आरशातल्यासारखं. राईड डावीकडे त्या दांड्यावर लावली, आणि तिच्या कपाजवळची (मधल्या उंचवट्याजवळची) काठीची झीज बरोबर डाव्या हाताखाली आली. लेक म्हणाला, "आई, इथे खळगाच पडलाय, काठी आपोआप तिथेच जाते." त्याने डाव्या हाताने अडखळत एक साधा ठेका धरला. आई समोर खुर्ची घेऊन बसली होती.

दुपारी टोरांटोवासींनी सांगितल्याप्रमाणे मांडलं. १६ ची कड तिरकीट_सांगलींच्या पद्धतीने घासली, दोन संध्याकाळी लागल्या. खरखर गेली. आवाज पूर्वीपेक्षा जरा आखूड असेल, पण स्वच्छ आहे. हाय-हॅटचा 'फप्' तिरका स्क्रू फिरवल्यावर गेला. विंग नट सैल ठेवलेत, माऊलींच्या टाळासारखे.

एक अडचण उरलीय. पावसाला जोर आला तसे स्टँडचे स्क्रू घट्ट फिरायला लागलेत.

मडगावचो – २३ जून, ०८:००

शिवणयंत्राचं तेल, एक थेंब आट्यांवर, आणि जास्तीचं लगेच पुसून टाका. सिंबलला आणि फेल्टला तेल लागू देऊ नका. वाजवून झालं की सिंबल कोरड्या फडक्याने पुसून ठेवायच्या, घामाच्या बोटांचे ठसे पावसाळ्यात दोन दिवसांत हिरवे होतात. आणि ताई, दोन्ही मांडण्यांचे फोटो टाका ना.

सुरंगी – २३ जून, ०८:४०

देव बरें करूं. :-) संध्याकाळी टाकते, आत्ता लेक वाजवतोय.